परतीची वायर

"मालक, ही काय शेंडी बांधलीय?" ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे वाकून गाड्यांचं वायरिंग करणारे दिवाकर म्हणाले. दोन वायरींना दोन वायरी पिळलेल्या, वर प्लास्टिकचा कागद. "पंचवटीत यायचं म्हणून का?"

ट्रॅक्टरवर बसलेले निवृत्ती हसले नाहीत. ट्रॉलीमागे उभी असलेली त्यांची बायको भिमाबाईही हसली नाही.

"आमची ट्रॉली एक, ट्रॅक्टर गावाचे," निवृत्ती म्हणाले. "आज कारभारीचा, उद्या सावळीरामचा. दर वेळी सोडायचं, पिळायचं. आता नीट सॉकेट बसवा. मागचा दिवा विझता कामा नये."

दिवाकरांनी दुकानातून दोन सॉकेटं आणली. एक दोन भोकांचं, एक सात भोकांचं. निवृत्तींनी दोन भोकांचं उचललं.

"वायरी दोनच हायेत. एक दिव्याची, एक ब्रेकची."

"बरोबर. पण करंट बॅटरीतून निघतो, दिव्यापर्यंत जातो. मग परत कुठून येतो?"

निवृत्ती विचारात पडले. दिवाकर थांबले. आपण उत्तर सांगून टाकायचं नाही, ही त्यांची सवयच होती.

"लोखंडातून," निवृत्ती म्हणाले. "ट्रॉलीच्या. मग हुकातून ट्रॅक्टरमध्ये."

"शाबास. आता दिवा लावा."

निवृत्तींनी बटण दाबलं. मागे तांबडा दिवा लागला. दिवाकरांनी ट्रॉलीच्या दांड्याखाली पहार घातली आणि हुक जरा उचलला. दिवा विझला. पहार काढली, दिवा लागला. पुन्हा उचलला, पुन्हा विझला.

"बघितलंत? उभ्या गाडीत दिवा लागतो. खड्ड्यात हुक उडाला, गंज आड आला, की गेला. चालवणाऱ्याला पुढे बसून कळतही नाही. म्हणून परतीची वेगळी वायर हवी. सातवाल्यात तिला जागा आहे."

मग भिमाबाई ट्रॉलीला धरून हळूहळू पुढे आली.

"म्हंजे दिवा लावलेला आसला, तरी विझतो?"

"विझतो, बाई."

"आमचा पोरगा लहानू फटफटीवर मागून येत व्हता," ती दिवाकरांकडे बघत म्हणाली. "याच ट्रॉलीवर आदळला. वीस दिवस झाले त्याला जाऊन. हे म्हनतात, मी दिवा लावला व्हता, उतरून बघितला व्हता. मी म्हनते, खोटं बोलता."

दिवाकरांनी हातातली पहार भिंतीला टेकवून ठेवली. मघाची शेंडीची थट्टा त्यांना आता नकोशी झाली.

"लावला व्हता त्यांनी," भिमाबाई म्हणाली.

निवृत्तींनी मान वर केली नाही. "हुक हालवून नाय बघितला," ते म्हणाले.

दिवाकर कामाला लागले. जुना पीळ कापला, वायरी सोलल्या, एकेक वायर आपापल्या भोकात बसवून स्क्रू आवळले. परतीची काळी वायर ट्रॉलीच्या पत्र्यापासून सॉकेटमधून थेट ट्रॅक्टरच्या पत्र्यापर्यंत आणली. एरवी काम करताना ते गिऱ्हाइकाला प्रत्येक भोक समजावून सांगत. आज नुसते हात चालवले. शेवटी प्लग आत दाबून त्यांनी पुन्हा पहार घातली, हुक चांगला चार-पाच वेळा उडवला. दिवा लुकलुकलाही नाही.

"झालं. करा बंद."

"थांबा वाईच," भिमाबाई म्हणाली.

ती मागच्या रस्त्याने चालू लागली. भाजीच्या हातगाड्या ओलांडल्या, पाण्याची टाकी ओलांडली, वळून पाहिलं आणि आणखी पुढे गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. निवृत्ती बटणावर बोट ठेवून, मागे वळून तिच्याकडे बघत बसले.

"दिसतोय का गं?" त्यांनी ओरडून विचारलं.

ती चालतच राहिली. पार मारुतीच्या देवळाच्या कोपऱ्यापाशी पोचली तेव्हा थांबली आणि डोळ्यांवर हात धरून बघू लागली.

एवढ्या उन्हात तिथून दिवा दिसणं शक्य नव्हतं, हे दिवाकरांना ठाऊक होतं. निवृत्तींनाही असावं.

भिमाबाईने हात वर केला.