दुसरं नाव

“अब्राहम लिंकन,” मी म्हणाले. अमेरिकेच्या इतिहासाचं सहावं उत्तर बरोबर आलं आणि नागरिकत्वाची परीक्षा मी पास झाले.

अधिकारी बाई अर्ज चाळू लागल्या. “शपथेवर सांगा, तुमचं कधी दुसरं नाव होतं का?”

“नाही.”

तेवढ्यात सासूबाईंनी दार ढकललं. खांद्यावर माझी चार महिन्यांची लेक रडत होती. “अगं शर्वरी, आटप की! इतिहास पळून जात नाही, पोर भुकेली आहे!”

“शर्वरी कोण?” बाईंचं पेन थांबलं.

माझ्या छातीत दूध दाटलं. लेक जन्मानं इथली. खोटं बोलले म्हणून मला एकटीला परत पाठवलं तर?

“मीच,” मी कशीबशी म्हणाले. “लग्नात ह्यांनी हे नाव तांदळात लिहिलं होतं... कागदावर कधीच नाही.”