सातवं पान

कल्पना खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. टेबलापलीकडे डॉ. चंद्रहास गुप्ते तिचा शोधनिबंध चाळत होते. आणखी एक पान उलटलं की सातवं पान येणार होतं.

सातव्या पानावर काय आहे ते साऱ्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं. निंबोळीच्या अर्कात भिजवलेला गहू दोन दिवस आधी उगवतो, असं गुप्तेसरांनी वीस वर्षांपूर्वी छापलं होतं आणि त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. कल्पनाचा गहू मात्र उगवायचा तेव्हाच उगवला. आणि तरुण संशोधकांना पुरस्कार देणाऱ्या समितीचे अध्यक्ष नेमके गुप्तेसरच निघावेत, हे तिचं नशीब! पुरस्कार मिळाला तर तीन वर्षं स्वतःचं काम. नाही तर मार्चमध्ये लखनौच्या या प्रयोगशाळेतून गाशा गुंडाळायचा.

"ते पान काढून टाक," तिचे मार्गदर्शक भास्करसर म्हणाले होते. मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, घरी, बाबांनीही तेच सांगितलं. "पोरी, साहेबाला तुमचं चुकलं असं तोंडावर सांगतं का कुणी? अच्छा नहीं लगता." पण पोरगी हट्टी. पान तसंच राहिलं.

गुप्तेसरांनी सातवं पान वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. इतका वेळ इंग्रजीत चाललेली मुलाखत सोडून त्यांनी चक्क मराठीत विचारलं, "किती वेळा करून पाहिलंस?"

"अकरा वेळा, सर. एकदाही आधी उगवला नाही."

सरांनी गुणांच्या कागदावर आकडा लिहिला आणि तो शेजारी बसलेल्या समितीच्या दुसऱ्या सदस्याकडे, शुक्लाजींकडे, सरकवला. शंभरपैकी शंभर! शुक्लाजी कागदाकडे बघतच राहिले.

"लेकिन सर," ते चाचरत म्हणाले, "यह लड़की तो आप ही को ग़लत बता रही है!"

गुप्तेसर मोठ्यानं हसले. कितीतरी वर्षांत असं मोकळं हसले नव्हते. मग खोलीतल्या सगळ्यांना नीट कळावं म्हणून हिंदीत म्हणाले,

"शुक्लाजी, ग्यारह बार तो मेरा भी जल्दी नहीं उगा था. मैंने बारहवाँ छाप दिया."