अपील मंजूर

फोन वाजला तशी अर्पिता हातातली परात टाकून अंगणात धावली. हैदराबादहून वकीलसाहेबांचा फोन. तिने स्पीकर लावला आणि सासूचा, रुक्माबाईचा, हात घट्ट धरला.

"मॅडम, अपील मंजूर! हायकोर्ट ने उम्रकैद रद्द कर दी. धम्मपाल बरी हो गए!"

अर्पिताला रुक्माबाई गदागदा हलवू लागली. "बरी म्हंजे? तब्येत खराब व्हती का माह्या पोराची?"

"आत्याबाई, बरी म्हंजे सुटले! खुनाचा गुन्हा शाबीतच झाला नाई. नुसतं संगं दिसले म्हनून कोनी खुनी ठरत नाई, असं जज्ज म्हनले!" वकिलाचं पुढचं ऐकून अर्पिता म्हणाली.

रुक्माबाईने तोंडाला पदर लावला, पण रडू आणि हसू एकदमच बाहेर पडलं.

बघता बघता बाजारहत्नूरची ती अख्खी गल्ली अंगणात जमली. कुणी हार आणायला इचोड्याकडे मोटारसायकल काढली, कुणी चेर्लापल्लीच्या जेलपर्यंत जीप ठरवू लागलं. "हुकूम जेलात पोचला की सोडतात," अर्पिता ज्याला त्याला सांगत होती. नवऱ्याला, धम्मपालला, जन्मठेप झाल्यापासून ती मान खाली घालून शाळेत शिकवायला जायची. आज ओरडून बोलत होती. आपला आवाज एवढा मोठा आहे, हे तिचं तिलाच नवं होतं.

रुक्माबाईने साखरेचा डबाच बाहेर आणला आणि मुठी भरभरून वाटू लागली.

तेवढ्यात फाटकाजवळची माणसं बाजूला झाली. समोरच्या घरातली आशाबाई आली होती. ज्याच्या खुनासाठी धम्मपालला सजा झाली होती, त्या चंपतची आई.

रुक्माबाईचा हात डब्यातच राहिला. आशाबाईने आपणहून हात पुढे केला, साखर घेतली, तोंडात टाकली.

"पोरगा घरी येते, चांगलं झालं, रुक्मा," ती म्हणाली. मग अर्पिताकडे वळली.

"तू तं शिकेल हाये, पोरी. तुले ठाऊक असंन. माह्या चंपतचं अपील कुठं करा लागते?"