फोटो नावाची फाइल

हिंगोलीतल्या आमच्या कॉलेजातला संगणक ई-मेलमधली फक्त अक्षरं दाखवायचा. चित्रांशी त्याचं वैर होतं. हे मी सांगूनही जवळच्या बंजारा तांड्यातल्या भिकाबाई लेकीनं ई-मेलनं धाडलेला तिचा पदवीच्या झग्यातला फोटो बघायला अख्खा तांडा घेऊन आल्या. कारण तांड्याचे नाईक म्हणाले होते, "शिवकन्या पीएचडी झाली म्हनतीस, तर फोटो दाखव." मी ‘फोटो’ नावाची फाइल उघडली. पडदाभर चिन्हांचा कचरा आला, नाईक हसले. पण कचऱ्यात मधूनच इंग्रजी शब्द दिसले. पोरीनं चुकीचं नाव देऊन फोटोऐवजी प्रबंधच धाडला होता. मी तेवढे शब्द वेगळे काढून वाचले, "शिवकन्या हरिचंद राठोड, पीएचडी." "फोटो काहून न्हाई?" नाईकांनी विचारलं. "फोटो वरातीतल्या घोड्याचाबी निघतो," भिकाबाई म्हणाल्या. "सर, पुढचं वाचा." तांडा मांडी घालून बसला. मातीतल्या जंतूंवरचा इंग्रजी प्रबंध मी वाचत गेलो; नाईकांसकट कुणीही उठलं नाही.