पत्त्यावर कोणी नाही

दार सताड उघडं, अलार्म मुका, आणि बाबांच्या चपला जागेवर नाहीत. ती अनवाणीच जिना उतरली. बाबा कोपऱ्यावर सापडले, भर रहदारीत, दोन बसच्या मधोमध उभे.

"बस्स झालं," भाऊ फोनवर म्हणाला. "आता एकदा जरी ते बाहेर पडले, तर मी त्यांना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या संस्थेत नेऊन ठेवणार."

ती लॅपटॉपला भिडली. लेक प्रोग्रामर, आणि घरचा अलार्म धड वाजत नाही! दाराच्या सेन्सरसोबत आलेली तयार कोडची लायब्ररी सी भाषेतली, तिचा प्रोग्राम दुसऱ्याच भाषेतला. दार उघडलं की लायब्ररीने ज्याला हाक मारायची, ते क्लोजर तिनेच बांधून दिलं होतं: करायचं काम आणि त्याला लागणारी माहिती, एकाच गाठोड्यात. चाचणी घेतली की अलार्म ठणाणा वाजे. बऱ्याच वेळाने कोणी दार उघडलं, की प्रोग्रामच मान टाकी. रागाने तिला रडू फुटलं.

"मला घरी जाऊ दे गं," बाबा मागून म्हणाले. "तुझी आई वाट बघत असेल."

"आई नाही आता, बाबा. ते घरही पाडलं." मान वर न करता तिने रोजचंच उत्तर दिलं.

शेवटी चूक सापडली, तीही अगदी पोरकट. तिच्या भाषेला टापटिपीची भारी हौस. ज्याला कोणी धरलेलं नाही, ते टाकाऊ समजून मेमरीतून झाडून टाकायचं. क्लोजर लायब्ररीकडे सोपवून लेक निर्धास्त झाली होती, पण लायब्ररीकडे होता नुसता पत्ता. दार उघडे, हाक जाई, आणि त्या पत्त्यावर कोणीच नसे. तिने एक ओळ वाढवली: प्रोग्राम चालू आहे तोवर हे धरून ठेव.

संध्याकाळी दार किलकिलं झालं आणि अलार्मने घर डोक्यावर घेतलं. ती धावली. हसावं की रडावं, तिला कळेना.

"वाजला, बाबा! आता नाही तुम्हाला कुठे जाता येणार!"

बाबा चपला घालून दारात उभे होते.

"जायलाच हवं," ते म्हणाले. "तुम्ही दोघा भावंडांनी तर आईचं नाव घेणंही सोडलंत. मीही सोडलं, तर ती राहणार कुठे?"

अलार्म वाजतच होता. तिने तो बंद केला, चपला पायात सरकवल्या आणि बाबांचा हात धरला.

"चला, मीही येते," ती म्हणाली. "मला आईचा आवाज आठवेनासा झालाय."