शामकांतरावांचं नाव

"नाव घे, मग आत ये," मालनबाई दार अडवून म्हणाली. दार म्हणजे दोन बायकांनी ताणून धरलेली साडी.

विजयमाला उंबऱ्याशी थांबली. मान खाली. उखाणा काही येईना.

"अगं, नाटकातली नवरी हायेस तू. तुझ्या खऱ्या नवऱ्याचं कोन मागतंय?"

बराकीतल्या बायका हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. विजयमालावर खटला चालू होता तो नवऱ्याच्या, बन्सीच्या, खुनाचाच.

नाटक शिकवायला भिंगारहून येणाऱ्या अपूर्वानं तालीम थांबवली. गृहप्रवेशाचा हा प्रसंग बायकांनीच रचला होता, तो गाळणं तिला नको होतं. विजयमालाला बाजूला नेऊन तिनं विचारलं, काम बदलून देऊ का.

विजयमालानं नकारार्थी मान हलवली. नगरच्या तुरुंगात आल्यापासून तिनं मुलीला, स्नेहलला, एकदाही भेटीला येऊ दिलं नव्हतं. गजाआडची आई पोरीनं बघू नये. नाटकाला मात्र घरच्यांना बोलावणार होते. तिथं मधे गज नसतील, आई नटलेली दिसेल. स्नेहलला घेऊन पुणतांब्याहून तिचा काका येणार होता. काका, म्हणजे विजयमालाचा दीर कल्याण. त्यानं कोर्टात भावजयीविरुद्ध साक्ष दिली होती आणि तिच्या पोरीलाही तोच सांभाळत होता. गाव त्याला देवमाणूस म्हणे. विजयमालानंही त्याच्याबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. भावजींची काय चूक, एवढंच म्हणायची.

"लाज वाटती, म्याडम," ती आता म्हणाली. "नगं ते नाव तोंडातनं निघालं, तर पोरीला तोंड कसं दाखवू?"

अपूर्वालाच खाली बघावंसं वाटलं. आपण हिला काय करायला लावतोय, हे तिच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. तिनं तोडगा काढला. बन्सीचं नाव नकोच. नाटकातला नवरा शामकांत. फक्त पाठ केल्यासारखं म्हणायचं नाही. डोळे मिटायचे, आपलं वाटणारं माणूस समोर आणायचं, की आवाज आपोआप लागतो.

पुढच्या तालमींत विजयमाला डोळे सताड उघडे ठेवून शामकांतरावांचं नाव घेत राहिली. घडाघडा, एका सुरात. मालनबाई म्हणाली, रेशन दुकानात नाव सांगतीय जनू.

प्रयोगाला अंगणात मांडव घातला होता. पुढे अधिकारी, मागे नातेवाईक. स्नेहल काकाला खेटून बसली होती. हिरव्या साडीतली आई दिसताच ती हसली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, ती माझी आई.

मालनबाईनं दार अडवून नाव मागितलं. विजयमालानं मुलीकडे पाहिलं आणि तिचे शब्द अडले. मांडवात चुळबुळ सुरू झाली. आता ही बन्सीचंच नाव घेते की काय, अशी अपूर्वाला धास्ती वाटली. कडेला उभी राहून ती हळूच म्हणाली, "डोळे मिटा."

विजयमालानं डोळे मिटले. चेहरा सैल झाला. तालमीत कधीच न लागलेला आवाज लागला, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत.

"पुणतांब्याच्या घाटावर गोदावरीचं पाणी,
कल्याणरावांचं नाव घेते, मी त्यांची राणी."