भावाची ओळख

"हातमोजे बदला की, सिस्टर."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची जखम पुसून सिस्टर तशीच आईच्या सलाईनच्या नळीकडे वळली होती. मुलीचा आवाज ऐकून ती थबकली.

"अख्खा वॉर्ड भरलाय आणि आम्ही दोघी. प्रत्येकाचं असं करत बसले तर झालंच!"

कोपऱ्यातल्या दोन खाटा त्याच आठवड्यात रिकाम्या झाल्या होत्या. ऑपरेशन चांगलं झालं, मग जखमेत पू झाला, एवढंच कानावर आलं होतं.

"बरं," मुलगी म्हणाली. "माझा भाऊ आरोग्य खात्यात आहे. दवाखान्यांतला संसर्ग तपासायचंच काम त्याचं. त्यालाच विचारते."

भाऊ टेम्पो चालवायचा. पण बाण बरोबर बसला. सिस्टरने मुकाट्याने मोजे काढले, हात धुतले, नवे मोजे चढवले.

दुपारपर्यंत बातमी वॉर्डभर झाली. आईच्या उशाशी जंतुनाशकाची बाटली आली. चादर रोज बदलू लागली. डॉक्टर हातांना जंतुनाशक चोळतच यायचे आणि विचारायचे, "साहेब काय म्हणतात?"

"लक्ष आहे त्याचं," ती ठोकून द्यायची.

फोनवर भाऊ खो खो हसला. "मला बढती दिलीस की गं!"

शेजारच्या म्हातारीकडे मात्र कुणी फिरकेना. एका सकाळी तिचीही खाट रिकामी दिसली. मुलीने नजर वळवली. आपली आई तरी सुखरूप आहे.

त्या दिवशी आईचा हात जरा गरम लागला.

"ताप नाही ना, सिस्टर?"

"छे! अगदी नॉर्मल. उकडतंय किती!"

दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर. तिसऱ्याही.

मग एका संध्याकाळी आई मुलीलाच ओळखेना. अंग भाजत होतं, जीभ अडखळत होती. धावपळ करून तिला अतिदक्षता विभागात नेलं. तिथला डॉक्टर बाहेर आला तो चिडूनच.

"रक्तात जंतू पसरलेत. इतके दिवस ताप अंगावर काढू दिलात? आता सांगणं कठीण आहे."

मुलगी गर्रकन सिस्टरकडे वळली. "तुम्ही तर नॉर्मल म्हणत होता!"



"ताप तेव्हाच दिसला होता, ताई. पण तुमच्या भावाच्या कानावर गेलं असतं, म्हणून डॉक्टरांना सांगायची आमची हिंमतच झाली नाही."